पाठवणीची अर्धी चाल

कर्जत
९ ऑगस्ट २०२५

बन्सी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे आधी टीव्हीच्या मागे टाकशील, आणि रतनवहिनी बाहेर गेल्या की काढून वाचशील. मी काय ओळखत नाही का तुला! फोन लावून बघितला, तर माझा नंबर ब्लॉक केलायस. तुझ्या मुलाच्या, करणच्या, फोनवर लावला, तर 'सत्तार' एवढं ऐकलंस आणि कापलास. पत्र काही मधेच कापता येत नाही. म्हणून पोस्टात गेलो आणि पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी विचारलं, कोर्टाचं काम आहे का? म्हटलं, नाही बाई, त्याहून किचकट आहे.

तर कळवायचं ते हे, की मला नवा नाद लागलाय. आपली बँड पार्टी मोडल्यापासून घरात बसून माणसाने करायचं काय? तीस वर्षं मी क्लॅरोनेट आणि तू ट्रम्पेट, कर्जत-जामखेड-श्रीगोंद्यातलं लग्न आपण सोडलं नाही. आणि आता शकिला मला भाजी निवडायला बसवते. मग कैनातने मोबाईलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात एकट्याने रेकॉर्डिंग करता येतं. आधी तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायचा, तो साठवायचा. मग कानात ती बोंडं घालून ठेका ऐकत ऐकत कॅसिओ वाजवायचा. त्याच्यावर क्लॅरोनेट. आणि सगळं एकदम लावलं की अख्खी बँड पार्टी, आणि सगळी मीच! कोणी उशिरा येत नाही, कोणी विडी ओढायला गायब होत नाही, नवरदेवाच्या मामाशी कोणी हुज्जत घालत नाही. हे कोणाला उद्देशून आहे ते तुला कळलं असेल.

पुढच्या खोलीत आवाज घुमतो. आतल्या खोलीत सध्या नव्या गाद्यांची चळत लावलीय, तिच्या मागे भिंतीला चिकटून स्टुलावर बसतो. तिथे आवाज असा स्वच्छ येतो की बस्स. एवढ्या गाद्या कशाला आणल्या, ते विचारू नकोस. शकिलाचा कुकर मधे मधे बोलतो. एकदा शिट्टी अगदी बरोबर ठेक्यात पडली, ती तशीच ठेवलीय. शेजारच्या बनुबाई भिंतीवरून ओरडून विचारतात, "भाईजान, आज कुनाची वरात?"

एकच भानगड आहे. परवा आपली पाठवणीची चाल रेकॉर्ड केली. कैनातने ऐकली आणि म्हणाली, "अब्बा, मधे मधे थांबता कशाला? दम लागतो का?" मी म्हटलं, कुठे थांबतोय? तिने परत लावून दाखवलं. खरंच रे! माझी एक ओळ होते, आणि पुढे नुसता डबा वाजतोय. मग परत माझी ओळ, परत नुसता डबा. तू बाजूला नाहीस हे मला माहीत आहे, पण हातांना कोणी सांगितलेलं नाही. ते तुझ्या ओळीला क्लॅरोनेट खाली घेतात.

ह्याच्यावरून मला तुझी गरज आहे असं समजू नकोस. नुसतं कळवलं.

सत्तार


कर्जत
१ सप्टेंबर २०२५

बन्सी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तर तुझ्या उत्तराची वाटच बघत नव्हतो. पोस्टमन दारावरून गेला की मी सहज बाहेर येतो, तेवढंच.

त्या मोकळ्या जागा मी भरायला घेतल्या. आधी कॅसिओवर ट्रम्पेटचं बटण दाबून बघितलं. ते ट्रम्पेट बन्सी, लिफ्टमध्ये वाजतं ना, तसलं. मग श्रीगोंद्याच्या बँडमधला परवेझ आलेला, त्याला गाद्यांमागे बसवला. पोरगा छान फुंकतो, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याने जे वाजवलं ते त्याचं होतं. माझ्या ओळीने काहीतरी विचारावं आणि ह्याने भलतंच बोलावं, असं चाललं होतं. चहा पाजून पाठवला.

मग म्हटलं, सत्तार, तुझीच चाल ना ही? मग बन्सीची ओळ तूच वाजव की क्लॅरोनेटवर. बसलो. आणि बन्सी, मला तुझी ओळ येत नाही. एक सूर आठवत नाही. राशीनला ती नवरी जीपमध्ये बसेचना, आपली सगळी गाणी वाजवून संपली, तेव्हा मी काहीतरी सुरू केलं आणि तू त्याला जोड दिलीस. ती पोरगी उठून बसली गाडीत. तेव्हापासून प्रत्येक पाठवणीला आपण तीच चाल वाजवली, आणि तुझ्या ओळीला मी काय करत होतो? दम घेत होतो. क्लॅरोनेटची पत्ती ओली करत होतो. नवरीचा बाप बक्षीस काढतोय का ते बघत होतो. तुझं मी ऐकलंच नाही कधी.

लग्नांच्या शूटिंगमधून शोधावी म्हटलं, तर शूटिंगवाल्यांची करणी तुला ठाऊक आहे. पाठवणी आली की आपला आवाज पुसतात आणि भलतंच रडकं गाणं चिकटवतात. आठ-दहा घरी जाऊन आलो. सगळीकडे तू गाल फुगवून वाजवताना दिसतोस आणि आवाज कुठल्या तरी बाईचा येतो.

आता खरं काय ते सांगतो. त्या गाद्या कैनातच्या लग्नाच्या आहेत. चौदा डिसेंबरला निकाह आहे. मुलगा चांगला आहे, पंपांच्या दुकानात आहे, कमी बोलतो, म्हणजे आपल्या घरात खपेल. कैनातने काही मागितलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "अब्बा, जगातल्या सगळ्या पोरींना तुम्ही त्या चालीवर पाठवलंत. मला?" आता मुलीचा बाप मांडवात पाव्हण्यांना हात जोडणार की क्लॅरोनेट फुंकणार? म्हणून हे रेकॉर्डिंग. अर्ध्या चालीवर माझी पोरगी मी कशी पाठवू? तूच सांग.

आणि घोड्याचंही एकदा स्पष्ट बोलूनच टाकतो. मिरजगावला तो घोडा उधळला, नवरदेवाला घेऊन जेवणाच्या मांडवात शिरला आणि जिलबीच्या परातीपाशी जाऊन थांबला, त्यात माझा काय दोष? तू सगळ्या वरातीसमोर बोललास, सत्तारच्या क्लॅरोनेटने बुजला म्हणून. अरे, तुझ्या ट्रम्पेटातून त्या वेळी जो आवाज निघाला तो ऐकून मीच उधळणार होतो! आणि तेवढ्यावरून ट्रम्पेट पोत्यात घालून तू भंडारदऱ्याला करणकडे निघून गेलास. तंबू ठोकायला आणि पुण्याच्या पाव्हण्यांना पिठलं वाढायला. शोभतं का तुला?

सत्तार


कर्जत
१२ सप्टेंबर २०२५

बन्सी, गाढवा,

मागचं पत्र टाकून आलो आणि शकिलाला मोठ्या ऐटीत सांगितलं, की बन्सीला घोड्यावरून असा झाडलाय, असा झाडलाय! ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "हाय अल्ला, ते कशाला लिहिलंत?" मग पीठ तसंच टाकून तिने मला सगळं सांगितलं.

तुझे पुढचे दोन दात आधीपासून हलत होते. मिरजगावला वरच्या सुराला त्यातला एक निखळला. म्हणून सूर फाटला, म्हणून घोडा उधळला. तू दात रुमालात बांधलास आणि नाव माझ्या क्लॅरोनेटचं घेतलंस. पुढे बाकीचे काढावे लागले. कवळी बसवली, आणि कवळी लावून ट्रम्पेट फुंकलंस तर कवळी सुटून अंगणात, आणि कोंबड्या पळाल्या. हे सगळं शकिलाला दोन वर्षांपासून माहीत! दर शुक्रवारी ती आणि रतनवहिनी तास तास बोलतात, आणि मला फक्त एवढंच कळायचं की तिकडे पाऊस लई आहे. वहिनींनी तिला शपथ घातली होती म्हणे. आपण दोघं भांडलो, त्या दोघींचं काही अडलं नाही बघ.

मला राग आलाय. लई राग आलाय. दात पडला म्हणून माणूस गाव सोडतो का? दोस्ती सोडतो का? मला सांगायला काय धाड भरली होती? मी हसलो असतो, हे कबूल. आठवडाभर हसलो असतो, चार जणांना बोलवून हसलो असतो. आणि मग तुझ्या ओळी खालच्या सुरात उतरवून दिल्या असत्या, किंवा तुझ्या हातात झांजा दिल्या असत्या, पण बाजूला तूच उभा असतास ना! तू नाहीस म्हणून मी बँड मोडला. लोकांना सांगितलं डीजेमुळे. डीजे कसला डोंबलाचा.

जाऊ दे. आता कामाचं ऐक. ट्रम्पेट नको. तोंडाने म्हण. नव्या पोरांना शिकवताना तू कधी ट्रम्पेट हातात धरलंस? "पँ-पॅपॅ-पँ" करून तोंडानेच शिकवायचास, आणि समोरच्याच्या तोंडावर शिंतोडे उडायचे. मला ते हवंय, शिंतोड्यांसकट. करणकडे पाव्हण्यांच्या रजया असतील, त्या खोलीत जाऊन बस. तंबूत बसू नकोस, वाऱ्याने फडफडतो. पंखा बंद कर. रतनवहिनींच्या मोबाईलवर लाल गोल दिसेल, तो दाबला की सुरू.

कैनातसाठी कर. माझ्यासाठी काही करू नकोस, मी अजून रागावलेला आहे.

सत्तार


शेंडी (भंडारदरा), ता. अकोले
४ ऑक्टोबर २०२५

सत्तार,

तिन्ही पत्रं पावली. टीव्हीच्या मागं न्हाई टाकली. फ्रिजवर ठिवली हुती, सगळ्यांनी वाचली. करनच्या तंबूतल्या दोन पाव्हन्यांनी बी वाचली, आन् पुढचं पत्र कवा येनार म्हून इचारीत हुते.

घोडा माझ्यामुळं उधळला. झालं समाधान? आता ह्यो इषय बंद. शकिलाभाभीला म्हनावं, तोंड बंद ठिवायचं ठरल्यालं हुतं. रतन म्हनती लई बरं झालं, तिला बी गुपित पेलवत न्हवतं.

कैनातचं लगीन ठरलं, आन् त्ये तू मला दुसऱ्या पत्रात सांगतोस व्हय? पयल्या पत्रात त्येलाचा डबा आन् कुकर! ती पोरगी माझ्या खांद्यावर बसून वराती बघत मोठी झालीया. लाज वाटू दे जरा.

तू म्हनलास तसं रजयांच्या खोलीत बसलो. लाल गोल दाबला. आन् सत्तार, मला काय बी आठवंना. तोंड उघडलं की दुसऱ्याच गान्याचं निघतंय. लई खटाटोप केला. घाम फुटला. रतननं दार लोटून इचारलं, "पोटात दुखतंय काय तुमच्या?" मला वाटलं, दातांसंगं डोकं बी गेलं.

मग रातच्याला जेवताना ध्यानात आलं. म्या ती ओळ एकट्यानं कवा वाजविलीच न्हाई. तुझं ऐकू यायचं आन् त्यातनंच माझं निघायचं. तुझं आधी ऐकल्याबिगर माझं निघनार न्हाई. तवा तुझं त्ये गाद्यांमागचं रेकॉर्डिंग रतनच्या मोबाईलवर धाड. मोकळ्या जागा हायेत तशा ऱ्हाऊ दे. काय बी भरू नको. त्या परवेझला तर आसपास फिरकू दिऊ नको.

राग तुला एकट्यालाच येतो असं न्हाई. म्या बी रागावल्यालाच हाय.

बन्सी


कर्जत
२ नोव्हेंबर २०२५

बन्सी,

फाइल मिळाली. शकिलाच्या मोबाईलवर काल सकाळी आली. मी मशिदीतून येऊन चहा घेत होतो, चहा तसाच राहिला. गाद्यांमागे जाऊन बसलो आणि कानाला लावली.

माझी पहिली ओळ झाली. मग तू आलास. बन्सी, तुझी ती ओळ मी पहिल्यांदा ऐकली म्हटलं तरी चालेल. इतकी वर्षं मला वाटत होतं की चाल माझी आहे आणि तू मधे भर घालतोस. असं नाहीच ते. माझी ओळ नुसती रडत बसते रे. तुझी येते आणि तिला हाताला धरून उठवते, चल बाई म्हणते, गाडी उभी आहे. राशीनची ती पोरगी तुझ्या ओळीला उठली होती. माझ्या नाही. तोंडाने म्हटलंस तरी कळतंय. कवळीतून मधेच शिट्टी वाजते, तीही लई गोड आहे. तिसऱ्या खेपेला मागे कोंबडी ओरडलीय. मी ती काढणार होतो, मग म्हटलं राहू दे, कोंबडीही बरोबर ठेक्यात आहे. शकिला दारात उभी राहून ऐकत होती, आणि ओढणीने डोळे पुसत मलाच म्हणाली, रडू नका.

मी डब्याचा ठेका, कॅसिओ, क्लॅरोनेट आणि तू, सगळं जुळवलं. आता चाल पूर्ण आहे. तुझ्या फायलीत चाल संपल्यावर पुढेही थोडं काही आहे. ते काय आहे ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. मी एकट्यानेच ऐकलं. बऱ्याचदा ऐकलं.

कैनातला अजून एक सूर ऐकवलेला नाही. ती विचारते, अब्बा, झाली का चाल? मी म्हणतो, बन्सीकाका काही ऐकत नाही, हटून बसलाय. तिने तुला दोन शिव्या दिल्या. पाठवणीलाच ऐकेल आता.

चौदा डिसेंबरला सकाळीच या. अकोल्याहून नगरची एसटी धरा, तिथून कर्जतच्या गाड्या सारख्या असतात. ट्रम्पेट नको, कवळी मात्र आण. मटण आहे.

सत्तार


शेंडी
१८ डिसेंबर २०२५

सत्तार,

सुखरूप पोचलो. एसटीत रतन सगळ्या वाटंनं हसत हुती. शेजारच्या बाईला बी सांगत बसली. लगीन लई झ्याक झालं. मटन बी. कैनातचा नवरा खरंच कमी बोलतो, म्या तासभर त्याच्या जवळ बसलो, त्यो फक्त "हो काका" म्हनला. बेस पोरगा हाय.

आता मी काय सांगतो त्ये नीट वाच. तू माझा घात केलास.

कैनात गाडीत बसाय निघाली, शकिलाभाभीच्या गळ्यातनं सुटंना. तू मोबाईल मांडववाल्याच्या स्पीकरला लावलास. तुझं क्लॅरोनेट सुरू झालं आन् जुन्या बायांनी लगीच वळखलं. त्यातली चांगुणाबाई म्हनली, "अगं बया, माझ्या पाठवनीची चाल!" मग माझं पँ-पॅपॅ-पँ आलं, तशी पोरं खिदळाय लागली. खिदळू देत. म्या मांडवाच्या खांबाआड उभा हुतो. कैनातनं मान वर क्येली आन् तिला कळालं कोन गातंय त्ये. ती चालत चालत गाडीपाशी ग्येली, बसली बी. माझ्या ओळीलाच बसली. म्या बघितलं.

चाल सपली. म्या म्हनलं, सुटलो. आन् स्पीकरातनं माझाच आवाज, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा: "रतने, ह्ये बंद कसं करायचं गं? … ऐकलंस का सत्तारचं? काय वाजवितो गं! आख्ख्या जिल्ह्यात असा मानूस न्हाई. म्या तीस वर्सं पगाराला न्हाई उभा ऱ्हायलो त्याच्या बाजूला, त्याचं ऐकाय उभा ऱ्हायलो. त्याला सांगू नको हां, डोक्यावर बसंल."

मला म्हाईत न्हवतं त्ये चालूच ऱ्हायलं हुतं. तुला म्हाईत हुतं. आन् तू त्ये कापलं न्हाईस.

सगळा मांडव माझ्याकडं वळला. रडनाऱ्या बाया हसाय लागल्या. भाभी हसली. आन् गाडीतली नवरी, सत्तार, डोळ्यातनं पानी गळतंय आन् पोट धरून हसतीया! म्या इतक्या पाठवन्या वाजविल्या, हसत गेल्याली नवरी आपुन कवा बघितली न्हवती. तिनं काच खाली क्येली आन् वरडली, "बन्सीकाका, आता अब्बांना तोंडावर सांगा! त्याबिगर गाडी हलू देणार न्हाई!"

मग काय करतो? तुझ्या म्होरं येऊन उभा ऱ्हायलो आन् सगळं पुन्यांदा म्हनलं. शब्द न् शब्द. गाडी हलली.

आन् तू? मला मिठी मारशील, निदान शिवी तरी देशील, असं वाटलं हुतं. तू पाठ फिरविलीस आन् मांडववाल्यावर वरडाय लागलास. खुर्च्या अशा का उचलतोस, गादी अशी का ओढतोस, अक्कल हाय का तुला! त्यो बिचारा खुर्च्या नीटच उचलीत हुता. तुझा आवाज फाटत हुता, खांदे हलत हुते, आन् त्याला कळंना आपलं काय चुकलं. म्या मागंच उभा हुतो. मला सगळं दिसत हुतं.

त्याची माफी माग.

बन्सी